गुलमर्गचा सीझन पास की स्किन लावून चढाई: माझा निर्णय कसा झाला

गुलमर्गच्या भारतीय स्कीइंग आणि गिर्यारोहण संस्थेत आधी प्राथमिक आणि पुढच्या हिवाळ्यात मध्यम स्तराचा अभ्यासक्रम पूर्ण केल्यावर, शिक्षकाच्या शिट्टीवर वळण्याचे दिवस संपले आणि आपल्या मर्जीने स्कीइंग करण्याचे दिवस समोर आले. कार्यालयाने जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंत काही दिवस बाहेरून काम करण्याची आणि उरलेल्या दिवसांची रजा घेण्याची परवानगी दिली, तेव्हा निवास आणि विमान यांच्याही आधी एक प्रश्न सोडवावा लागणार होता: उतारावरून खाली येण्यासाठी आधी वर कसे जायचे? गोंडोलाचा, म्हणजे तारेवरून डोंगरावर नेणाऱ्या पाळण्याचा, संपूर्ण हंगामाचा पास काढायचा, की गोंडोला बाजूला ठेवून स्वतःच्या पायांनी चढून बॅककंट्री स्कीइंगकडे, म्हणजे कोणी न सांभाळलेल्या मोकळ्या उतारांवरच्या स्कीइंगकडे, वळायचे?

आमच्या ठाण्यातल्या ट्रेकिंगच्या गटात यावर चर्चा झाली, तेव्हा बहुतेकांचा कौल ऐकण्याआधीच ठरलेला होता. हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढलेल्या माणसाने पाळण्यात बसून डोंगरावर जायचे ही कल्पनाच त्यांना पटत नव्हती. मलाही चढण्याचा कंटाळा नाही. बॅककंट्रीत स्कीच्या तळाला ‘स्किन’ नावाची पट्टी चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता मोहेर किंवा नायलॉनची असते. तिचे केस मागच्या बाजूला झुकलेले असल्यामुळे स्की पुढे सरकते, पण मागे घसरत नाही. बाइंडिंगमध्ये, म्हणजे बूट स्कीला जोडणाऱ्या पकडीत, बूट फक्त पुढच्या टोकाला अडकलेला असतो, टाच मोकळी राहते, आणि माथ्यावर पोहोचल्यावर स्किन काढून, टाच पक्की करून खाली यायचे असते. कसलेला माणूस तासाला साधारण तीनशे मीटर उंची चढतो. येऊरच्या चढावर आणि घोडबंदर रस्त्यावरच्या आमच्या इमारतीच्या जिन्यावर महिनोन्महिने घाम गाळलेला असल्यामुळे, पायांची मला चिंता नव्हती.

पैशांचा हिशेब मात्र ठाणेकराच्या अंगात भिनलेला असतो, म्हणून सुरुवात तिथूनच केली. रेल्वेचा मासिक पास काढताना आपण किती फेऱ्यांत पैसे वसूल होतात ते पाहतो, आणि रोज जाणाऱ्याला ते उत्तर पहिल्याच आठवड्यात मिळते. डेनव्हरला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीने तोच हिशेब स्कीइंगला लावून दाखवला. तिच्याकडे एपिक पास आहे, म्हणजे अनेक स्की रिसॉर्टमध्ये चालणारा हंगामाचा पास. व्हेल रिसॉर्ट्स कंपनीने २००८ साली तो आणला आणि त्याला स्पर्धा म्हणून २०१८ साली आयकॉन पास बाजारात आला. हे पास वसंतात विक्रीला येतात, हिवाळा जवळ येईल तशी किंमत वाढते आणि डिसेंबरच्या सुरुवातीला विक्री बंद होते. कोलोरॅडोतल्या व्हेल या रिसॉर्टला खिडकीवरचे एका दिवसाचे तिकीट ऐन हंगामात तीनशे डॉलरांच्या वर जाते, तर संपूर्ण पास हजार डॉलरांच्या आसपास मिळतो. म्हणजे चौथ्या दिवशी पास फुकट झाला. तिचा सल्ला स्पष्ट होता: “ताई, विचार कसला करतेस, सीझन पास घे.”

तिचे गणित चूक नव्हते, पण ते गुलमर्गला लागू पडत नव्हते. गुलमर्गच्या गोंडोलाचे दोन टप्पे आहेत. पहिला गुलमर्गपासून, म्हणजे सुमारे २,६५० मीटरपासून, कोंगडोरीला ३,०८० मीटरच्या आसपास नेतो. तो १९९८ साली सुरू झाला. दुसरा २००५ सालचा, आणि तो थेट अफरवत डोंगराच्या खांद्यावर, साडेतीन हजारांच्या कितीतरी वर, चार हजार मीटरला थोडेच कमी अशा उंचीवर सोडतो. ज्या भुसभुशीत बर्फासाठी जगभरातून लोक येतात, तो या दुसऱ्या टप्प्यावर आहे. वारा वाढला की हा टप्पा बंद होतो. मोठी बर्फवृष्टी झाली की गस्तीपथक उतार तपासून हिरवा कंदील देईपर्यंतही तो बंद राहतो. म्हणजे हंगामाचे जे सर्वांत मोलाचे दिवस, त्यांतले काही पास खिशात ठेवून खोलीत बुखारीसमोर, म्हणजे काश्मिरी शेगडीसमोर, बसून काढावे लागतात. वसूल होण्याचा हिशेब करायचा तर छेद हंगामाच्या दिवसांनी नव्हे, तर दुसरा टप्पा चालू राहण्याच्या दिवसांनी द्यायला हवा, आणि तो आकडा कोणालाच आगाऊ ठाऊक नसतो.

शिवाय बर्फाचीच खात्री नाही. काश्मीरचा हिमवर्षाव भूमध्य समुद्राकडून येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांवर अवलंबून असतो. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस, ज्यांना तिथे चिल्लई कलां म्हणतात, एरवी भरभरून बर्फ देतात. पण जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार बराच काळ कोरडे, तपकिरी राहिले, आणि ती छायाचित्रे आपण सर्वांनी वर्तमानपत्रांत पाहिली आहेत. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२५ मध्ये, बर्फाअभावी खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धांचा गुलमर्गमधला टप्पा पुढे ढकलावा लागला. अशा वेळी संपूर्ण हंगामाचे पैसे आधी भरून ठेवणे मला शहाणपणाचे वाटेना.

मग कौल बॅककंट्रीला द्यायचा का? इथे मी बराच काळ अडकले, आणि या अडकण्याबद्दलच मला सविस्तर लिहायचे आहे.

परदेशातल्या मोठ्या रिसॉर्टमध्ये पासाच्या पैशांत पाळणा मिळतोच, पण त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे दुसऱ्या कोणीतरी पहाटे उठून उतार तपासलेला असतो, गरज पडल्यास स्फोटके लावून धोकादायक बर्फ आधीच पाडलेला असतो, आणि जो उतार उघडा आहे तो पुष्कळ अंशी निर्धोक मानता येतो. गुलमर्गमध्ये ही सीमारेषा तितकी सरळ नाही. गस्तीपथक दुसऱ्या टप्प्याखालचा मुख्य भाग सांभाळते, पण पाळण्यातून उतरून डावी-उजवीकडे थोडे सरकले की तुम्ही बॅककंट्रीत असता, मग तुमच्या खिशात पास असो वा नसो. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवतच्या हापतखुद भागात हिमस्खलन होऊन दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी खिलनमर्ग परिसरात एका रशियन स्कीपटूचा जीव गेला. त्याच खिलनमर्गमध्ये ८ फेब्रुवारी २०१० रोजी लष्कराच्या हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूलचे सतरा जवान गाडले गेले होते, आणि ते तर बर्फाचे प्रशिक्षण घेणारे लोक होते. त्यामुळे ‘पास म्हणजे सुरक्षित, बॅककंट्री म्हणजे साहस’ ही आमच्या गटात गृहीत धरलेली विभागणी मी मनातून काढून टाकली.

हिमस्खलनाविषयी जे वाचले आणि नंतर तीन दिवसांच्या प्राथमिक वर्गात शिकले, त्यातल्या दोन गोष्टी निर्णयाच्या दृष्टीने निर्णायक ठरल्या. पहिली अशी की, थराच्या थर सुटून येणारी हिमस्खलने प्रामुख्याने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर होतात, आणि स्कीइंगला सर्वांत मजा येते तीही नेमकी तिथेच. माणसांचा बळी घेणाऱ्या हिमस्खलनांपैकी बहुसंख्य स्वतः बळीने किंवा त्याच्या सोबत्याने सुरू केलेली असतात. दुसरी गोष्ट वेळेची. गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले तर तो वाचण्याची शक्यता चांगली असते, त्यानंतर ती झपाट्याने घसरते. एवढ्या वेळात बाहेरून मदत येत नाही. जे सोबत आहेत तेच काय ते वाचवू शकतात, म्हणजे बॅककंट्रीत साहित्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, प्रश्न सोबत्यांचा असतो.

बीकन, प्रोब (बर्फात खुपसून गाडलेला माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडे या तीन वस्तू प्रत्येकाजवळ असायलाच हव्यात. बीकन ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो आणि शोधाच्या वेळी तोच संदेश पकडतो. मोबाइल जवळ असला तर गोंधळ होतो, म्हणून दोन्ही एकमेकांपासून दूर ठेवायचे असतात. आमच्या गटातला एक डॉक्टर मित्र आणि त्याची पत्नी यांनी सोबत यायची तयारी दाखवली, तेव्हा आम्ही तिघे रविवारी सकाळी उपवनच्या बाजूला बीकन पालापाचोळ्यात लपवून शोधण्याचा सराव करू लागलो. एकदा सोसायटीच्या बांधकामासाठी आणलेल्या वाळूच्या ढिगातही तो पुरला. “मॅडम, काय हरवलं?” म्हणून वॉचमनकाका आपुलकीने शोधायला आले आणि डॉक्टरच्या आधी त्यांनीच हात घालून बीकन काढला. सराव उपयोगी होता, पण वाळू सहज उपसता येते. थांबलेले हिमस्खलन मात्र इतके घट्ट बसते की चांगल्या धातूच्या फावड्याशिवाय त्यातून माणूस निघत नाही, आणि खणण्यातच बहुतेक वेळ जातो.

साहित्याचे फार लांबवत नाही. टूरिंगची, म्हणजे स्कीवर चढून जाण्यासाठीची, बाइंडिंग आणि बूट भारतात सहजासहजी मिळत नाहीत. गुलमर्गला काही दुकानांत भाड्याने मिळतात, पण आपल्या मापाचे मिळतीलच असे नाही. बुटांचे माप सेंटिमीटरमध्ये असते आणि तेवढी एक वस्तू स्वतःची असावी, हे माझे मत आहे. संपर्काबाबत दोन गोष्टी सांगायला हव्यात. बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. परदेशी स्कीपटू सर्रास वापरतात ती उपग्रहावरून संदेश पाठवणारी उपकरणे आपल्याकडे परवान्याशिवाय बाळगणे बेकायदा आहे, त्यामुळे परदेशी लेखांतली ‘संकटात बटण दाबा’ ही सूचना इथे उपयोगाची नाही.

हे सगळे जमले असते. जे जमणार नव्हते ते ध्यानात आले ते इयन मॅककॅमन यांच्या अभ्यासाविषयी वर्गात ऐकताना. अमेरिकेतल्या सातशेहून अधिक हिमस्खलन-अपघातांचा अभ्यास करून त्यांनी दाखवले की, धोक्याची चिन्हे दिसत असूनही माणसे ठरावीक कारणांनी पुढे जातात: जागा ओळखीची वाटते, आधी ठरवलेले सोडवत नाही, कोणी जाणता सोबत असतो, ताज्या बर्फावर पहिले जाण्याची घाई असते. ऐकताना मला मुंबईहून श्रीनगरचे विमान पकडणारी आम्ही माणसेच दिसली. रजा मोजकी, परतीचे तिकीट काढलेले, आणि मोठ्या बर्फवृष्टीनंतर थर बसेपर्यंत दोन-तीन दिवस थांबायला सांगितले तर रजेचा मोठा भाग गेला. गुलमर्गच्या पायथ्याच्या तंगमर्गचा माणूस मात्र निवांत थांबतो. डिसेंबरमध्ये पडलेल्या पहिल्या बर्फाचे काय झाले, कडाक्याच्या थंडीत त्याचा तळाचा थर साखरेसारखा सुटा झाला का, त्यावर वाऱ्याने कोणत्या बाजूला भर घातली, हे त्याने पूर्ण हिवाळा पाहिलेले असते. हंगामभराची सोबत खरे तर बॅककंट्रीला लागते, तर पाळण्याचे तिकीट एका दिवसाचेही मिळते. मी हे दोन्ही उलटे धरून बसले होते.

त्यानंतर निर्णय फारसा अवघड राहिला नाही. सीझन पास काढला नाही. त्याऐवजी गुलमर्गला पोहोचून, अंदाज पाहून, थोड्या दिवसांचे पास तिथेच घेतले आणि ते गस्तीपथकाने उघडलेल्या उतारांवरच वापरले. दुसरा टप्पा बंद असलेल्या दिवशी स्थानिक वाटाड्याबरोबर मंकी हिलच्या झाडीत स्किन लावून चढलो. तिथली उंची कमी, उतार सौम्य, वर लटकणारे मोठे कडे नाहीत, आणि वाटाड्याचा शब्द अखेरचा, असे आधीच ठरले होते. एका सकाळी त्याने झाडीच्या वरच्या उघड्या पट्टीकडे नुसते पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, आज उधर नहीं.” कारण विचारले तर त्याने काठी बर्फात खुपसून खालचा पोकळ थर हाताला जाणवून दिला. डॉक्टर मित्राला ते पटायला वेळ लागला, कारण त्याच्या फोनवरच्या उताराच्या नकाशात ती पट्टी सौम्य रंगात दिसत होती. असे फुकट मिळणारे नकाशे पुष्कळदा तीस मीटरच्या चौकटींवर बेतलेले असतात, आणि त्या चौकटीत मावणारा छोटा पण तीव्र उतार त्यात दिसतच नाही.

पूर्ण हिवाळा तिथे राहून काम करू शकणाऱ्याने सीझन पास अवश्य घ्यावा, असे मी अजूनही म्हणेन. मला दोन आठवड्यांहून अधिक सलग रजा मिळणार नसेल, तर त्याचा विचारही करणार नाही. सोनमर्गचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून तिथे हिवाळ्यात पोहोचता येते, आणि वसंतातल्या बसलेल्या बर्फावर तिथे जाण्याचे आमच्या मनात आहे. तिथे गुलमर्गसारखा गोंडोला नसल्यामुळे पासाचा प्रश्नच येत नाही. सगळे चढून जायचे. गटात आता चौथा गडी आला आहे, पण त्याने हिमस्खलनाचा वर्ग अजून केलेला नाही, आणि तो करेपर्यंत विमानाची तिकिटे काढायची नाहीत असे आम्ही ठरवले आहे.