सर्कलवर लेन आधीच धरा ना!

पणजीत कदंब बसस्टँडजवळच्या दिवजा सर्कलला संध्याकाळी बघा, उजवीकडे जायचंय तो अगदी डावीकडून घुसतो आणि मग सगळ्यांना आडवा जातो, मागे स्कूटरवाली बाई पोराला घेऊन असेल तर काय व्हायचं तिचं? खरंच जीव घाबरतो. लेन सर्कलला पोचायच्या आधीच ठरवायची, पहिल्याच रस्त्याला डावीकडे वळायचं तर डावी लेन आणि डावा इंडिकेटर, उजवीकडे किंवा यू-टर्न असेल तर आतली लेन, उजवा इंडिकेटर, आणि आपल्या आधीचा एक्झिट मागे पडला की डावा इंडिकेटर देऊन, आरसा बघून, हळूहळू बाहेर यायचं. सरळ जायचं असेल तर शक्यतो डावीच बरी. आत शिरताना मात्र उजवीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ द्या, तो आधीच सर्कलमध्ये आहे. एक्झिट चुकला? ब्रेक मारू नका, अजून एक फेरी मारा.