आणखी एक औषध जोडलं तर?

मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरलाय, एकामागून एक किमो झाली आणि आता आजार कशालाच दाद देत नाहीये, अशा वेळी घरचे विचारतात की डॉक्टर, जोडीला अजून एखादं औषध देऊन बघता येईल का? प्रश्न अगदी रास्त आहे. पण कुठली जोडी चालेल हे ट्रायल घेतल्याशिवाय खरंच कळत नाही.

बीआरएएफ जीनचंच घ्या ना. त्यातला एक ठरावीक बिघाड अडवणारी गोळी मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरमध्ये जवळपास निम्म्या पेशंटच्या गाठी लहान करते, आणि आतड्याच्या कॅन्सरमध्ये तीच गोळी एकटी दिली तर जेमतेम ५ टक्के! बिघाड तोच, गोळी तीच, मग असं का? २०१२ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांना कारण सापडलं. बीआरएएफ अडवलं की आतड्याच्या पेशीवरचा ईजीएफआर हा रिसेप्टर (वाढीचा संदेश घेणारा प्रोटीन) उलट जोरात कामाला लागतो, पुढचं दार लावलं तर पेशी मागच्या दाराने पळते. म्हणून दोन्ही दारं लावायची, बीआरएएफ अडवणाऱ्या एनकोराफेनिबसोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब. बीकन ट्रायलमध्ये या जोडीने मीडियन आयुष्य (म्हणजे निम्मे पेशंट ज्याहून जास्त जगले तो काळ) ५.९ वरून ९.३ महिन्यांवर गेलं. तिथेच एका गटाला बिनिमेटिनिब हे तिसरं औषधही दिलं होतं, त्यांचंही शेवटी ९.३च भरलं, वर जुलाब जास्त.

आणि कधीकधी जोडणं चक्क अंगाशी येतं. २००९ ची कैरो-२ ट्रायल पसरलेल्या आजाराचा पहिलाच उपचार घेणाऱ्या पेशंटवर होती. किमो आणि बेव्हॅसिझुमॅब (गाठीला नव्या रक्तवाहिन्या फुटू न देणारं औषध) चालू असताना त्यात सेटुक्सिमॅब घातलं, दोन्ही एरवी उपयोगी औषधं, तरी आजार आटोक्यात राहण्याचा काळ १०.७ महिन्यांवरून ९.४ वर आला. कागदावर ही जोडी झकास दिसली असती, म्हणून मला नुसत्या अंदाजावर औषधं वाढवायची भीती वाटते.

याउलट २०२३ ची सनलाइट. ४९२ पेशंट, सगळ्यांना ट्रायफ्लुरिडिन-टिपिरॅसिल या किमोच्या गोळ्या, फक्त निम्म्यांना जोडीला बेव्हॅसिझुमॅब. मीडियन आयुष्य ७.५ महिन्यांचं १०.८ झालं, आणि यातल्या बऱ्याच जणांचं बेव्हॅसिझुमॅब आधीच घेऊन झालेलं होतं, तरीही! पांढऱ्या पेशी मात्र खाली येतात, त्यामुळे ताप आला तर घरी थांबायचं नाही.

कुठलं औषध लागू पडेल हे ठरवायला गाठीच्या जीन तपासण्या लागतात; रास, बीआरएएफ, हर-२, एमएसआय हे त्यांचे रिपोर्ट फाइलमध्ये नसतील तर पुढच्या व्हिजिटला आधी तेच विचारा.