तारा नकोत म्हणे!

भाच्याने परवा व्हिडिओ पाठवला. खाली ओळ : 'मामा, तुमचे टॉवर आता भंगारात.' अमेरिकेत लेझरने 8.6 किलोमीटरवर 800 वॉट वीज पाठवली म्हणे. थाप नाही, 2025 मध्ये डार्पाने (अमेरिकी संरक्षण खात्याची संशोधन संस्था) न्यू मेक्सिकोत हे खरंच केलं. फक्त अर्ध्या मिनिटासाठी. आमच्या हिचा मिक्सर 750 वॉटचा आहे.

मी 400 केव्हीच्या, म्हणजे चार लाख व्होल्टच्या, वीजवाहक लाईनवर 31 वर्षं काढली. झोंबलंच थोडं. कागद-पेन घेऊन बसलो.

होत नाही असं नाहीच. 1975 मध्येच कॅलिफोर्नियात गोल्डस्टोनला 26 मीटरच्या डिशमधून मायक्रोवेव्ह लहरी सोडून दीड किलोमीटरवर 30 किलोवॉटच्या वर वीज काढली होती. घोडं अडतं ते पुढे. टॉर्चचा उजेड लांब गेला की पसरतो, तसा हा झोतही पसरतो. उपग्रहावर उन्हापासून वीज करून ती अशाच लहरींनी खाली पाठवायची, अशी मोठी कल्पना आहे, तीच घ्या. उपग्रह 36,000 किलोमीटरवर, लहरींची तरंगलांबी 12 सेंटीमीटर. वर एक किलोमीटरचा अँटेना बसवला, तरी खाली झोत धरायला जमिनीवर दहा किलोमीटर व्यासाची अँटेनांची जाळी लागते. पैसे ओतून हे गणित बदलत नाही.

आणि माणसं भाजतील का? अशा उपग्रहाच्या नासाच्या सत्तरच्या दशकातल्या आराखड्यात झोताच्या मध्यभागी चौरस मीटरला 230 वॉट धरले होते. भर दुपारचं ऊन हजाराच्या घरात असतं. चिमणी काही भाजून खाली पडणार नाही. पण अशा लहरींची सर्वसामान्यांसाठीची मर्यादा आहे 10 वॉट, म्हणजे कुंपण आलंच. झोत आणखी सौम्य करायचा तर तेवढ्याच विजेला जागा आणखी लागणार.

जागा किती, तर दहा किलोमीटरचं वर्तुळ म्हणजे साधारण एकोणीस हजार एकर! (जाळीखाली शेती करता येईल असं म्हणतात. म्हणोत.) एका टॉवरच्या चार पायांसाठी मी एका आजोबांच्या ओट्यावर सात महिने चहा प्यालोय. शेवटी टॉवर शेजारच्या बांधावर सरकवला.

भाचा सातवीत असताना त्याला अमावस्येच्या रात्री लाईनखाली नेलं होतं. हातात सुटी ट्यूब, कुठे जोडलेली नाही. तारांखाली उभी धरली तर फिकट निळसर पेटली. वर तारांची सूं-सूं चाललेली. "मामा, मग वायर कशाला लागते?" म्हणाला. मी म्हटलं, चालत ये माझ्याबरोबर. पावलागणिक ट्यूब मंदावत गेली. बांधापाशी पोचलो तेव्हा मला बॅटरी काढावी लागली.