संपर्क क्षेत्राच्या बाहेर

"गाडीतून सामान काढू नका जी. आधी लिहून द्या."

गडचिरोली जिल्ह्यात, भामरागड तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीपुढे आमची बोलेरो थांबली आणि दार उघडायच्या आत हे कानावर आलं. डिसेंबर २०२५ चा मधला आठवडा होता. पहाटे पाचला आलापल्ली सोडली होती. शेवटचा रस्ता नदीच्या वाळूतून आणि गोट्यांवरून होता. पोचेपर्यंत साडेदहा झाले. बोलणारा पंचायतीच्या सेवा केंद्राचा चालक, पंचविशीतला माडिया आदिवासी तरुण. त्याच्या मागे ओट्यावर आणि अंगणात तीसेक बाया बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर लेकरू, कुणाच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड. एकही बाई बोलत नव्हती. मी शिव्या खायच्या तयारीने आलो होतो. त्या शांततेला काय उत्तर द्यायचं ते मला सुचेना.

"काय लिहून देऊ भाऊ?" मी विचारलं.

"मशीन चालू झाल्याबिगर जाणार नाही म्हणून. खाली सही करा, तारीख टाका."

त्याने माझ्यापुढे शाळेतली दोनशे पानी वही धरली. मी ओट्यावर टेकलो आणि लिहायच्या आधी ती वही चाळली. त्या दिवशी जे घडलं त्याचं कारण त्या वहीत आधीच लिहिलेलं होतं.

मी उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या एका कंपनीसाठी काम करतो. व्हीसॅट म्हणतात ती तबकडी बसवायची, बिघडली की दुरुस्त करायची. गावोगाव फायबर नेण्याची केंद्राची योजना २०११ साली मंजूर झाली, तीच पुढे भारतनेट झाली. पण डोंगर, नद्या, जंगल यांमुळे जिथे केबल जात नाही किंवा गेली तरी टिकत नाही, तिथे तबकडी हाच मार्ग उरतो. या गावाला तो मार्ग मिळाला होता आणि मे महिन्यात बंद पडला होता. वहीत बारीक, सरळ अक्षरात लिहिलेलं होतं:

"१९ मे. रात्री वीज पडली. मशीन बंद. टेकडीवरून फोन केला. ४८ तासांत माणूस येईल म्हणाले.
२१ मे. माणूस नाही.
२ जून. मेसेज आला. तक्रार निकाली. कारण, ग्राहक संपर्कात नाही.
२ जून. परत फोन. नवा नंबर दिला. ४८ तास.
१३ जून. मेसेज. निकाली. ग्राहक संपर्कात नाही."

अशी अकरा पानं. मध्ये पुराचे दिवस. "नदी चढली, टेकडीवर गेलो नाही." एका ठिकाणी फक्त "फोन केला. बाई चांगली बोलली. लवकरच म्हणाली."

या गावात मोबाइलची रेंज नाही. तीन किलोमीटरवरच्या टेकडीच्या एका उतारावर एक-दोन काड्या येतात, तिथे उभं राहून तो फोन करायचा. दुसऱ्या दिवशी आमच्याकडून त्याला फोन जायचा तेव्हा तो गावात, केंद्रात असायचा. फोन कसा लागणार? रेंज नाही म्हणून तर तबकडी दिली होती. ती बंद पडल्याची तक्रार तपासायला आम्ही त्याच रेंज नसलेल्या मोबाइलवर फोन करत होतो, आणि तो लागला नाही की तक्रार मिटवत होतो. सात महिन्यांत सहा वेळा मिटवली.

मला हे समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती. फील्डवर येण्याआधी चार वर्षं मी नागपूरला तक्रारीच्या टेबलवर बसत होतो. पडद्यावर यादी असायची. प्रत्येक तक्रारीपुढे घड्याळ चालू. मुदत उलटली की ती ओळ लाल व्हायची आणि साहेब मागे येऊन उभे राहायचे. नियम असा की तीनदा फोन लावायचा, "आपण संपर्क करत असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे" असं तीनदा ऐकू आलं की कारण निवडून तक्रार बंद करायची. बंद केली की ओळ हिरवी. मी ते कारण किती वेळा निवडलं असेल याचा हिशेब मी ठेवला नव्हता. वहीतल्या नोंदी मी फील्डवर आल्यानंतरच्या आहेत, म्हणजे त्या माझ्या हातच्या नाहीत. पण माझ्या काळातही कुठल्या तरी गावात कुणी तरी अशी वही लिहीत असणारच.

आणखी एक गोष्ट मला तिथे बसल्या बसल्या टोचली. आमच्या हबला, म्हणजे जिथून उपग्रहाकडे सिग्नल जातो त्या केंद्राला, प्रत्येक गावची तबकडी चालू की बंद ते बसल्या जागी दिसतं. त्यासाठी फोन लावावाच लागत नाही. हे गाव १९ मेच्या रात्रीपासून त्या पडद्यावर बंदच दिसत होतं. तक्रारीच्या पडद्यावर ओळ हिरवी, हबच्या पडद्यावर गाव लाल, आणि हे दोन पडदे एकमेकांसमोर ठेवून बघणं कुणाच्याच कामात बसत नव्हतं.

मी वहीत लिहिलं, "मशीन चालू झाल्याशिवाय मी जाणार नाही." सही केली, तारीख टाकली. त्याने ते मोठ्याने वाचून बायांना माडियात सांगितलं. मग कुणी तरी माझ्यासाठी चहा ठेवला.

सरपंचताईंनी बाया का जमल्यात ते सांगितलं. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी ३१ डिसेंबरपर्यंत करायची होती, नाही तर महिन्याचे १,५०० रुपये थांबतील अशी धास्ती. ती ऑनलाइनच होणार, आणि बाईचा एक आणि नवऱ्याचा किंवा वडिलांचा एक, असे दोन ओटीपी लागणार. एक बाई लेकराला घेऊन तीनदा तालुक्याला जाऊन आली होती. एकदा साइट बंद, एकदा नवऱ्याचा फोन बंद, एकदा रांगेतच अंधार पडला. तीनही दिवसांची मजुरी बुडाली. ऐन धानाच्या मळणीत.

कामाला लागलो. विजेने मॉडेम आणि तबकडीपुढचा रिसीव्हर दोन्ही गेले होते. मॉडेमच्या पाठीमागचा केबलचा जोड हातात घेतला तर आतली तांब्याची तार काळी पडून मेणासारख्या प्लास्टिकात रुतली होती. खांबाचा अर्थिंगचा पट्टा जमिनीपासून वीतभर वरच तुटलेला. तो जमिनीत नीट गाडलेला असता तर मॉडेम वाचलाही असता. तो बसवणारा माणूसही आमचाच.

जुनी जागा सोडावी लागली, कारण पंचायतीचं छत गळत होतं. अंगणात नवी जागा धरली तर नेमक्या दिशेला मोहाचं झाड. आमचा उपग्रह ७४ अंश पूर्व रेखांशावर, म्हणजे तिथून दक्षिणेच्या जरा पश्चिमेला आणि जमिनीपासून ६६ अंश वर. जवळजवळ डोक्यावरच म्हणा. मोहाच्या दोन फांद्या मधे येत होत्या. माझा मदतनीस फांद्या छाटायचं बोलला आणि एक म्हातारे आजोबा उठून उभेच राहिले. मोहाला तिथे कुणी कोयता लावत नाही. फुलं, टोरी म्हणजे त्याच्या बिया, सगळं त्यावर चालतं. आम्ही पंधरा फूट सरकलो.

शाळा सुटली तशी पोरं भोवती जमली. तबकडी कुणाशी बोलते ते त्यांना हवं होतं. मी सांगितलं, जीसॅट-११. इस्रोचा, ५,८५४ किलोचा, ५ डिसेंबर २०१८ ला दक्षिण अमेरिकेतल्या कुरूहून सुटलेला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटरवर तो पृथ्वीच्याच वेगाने फिरतो म्हणून आपल्याला एका जागी स्थिर वाटतो. तुम्ही इथे बटण दाबलं की हाक तिथवर जाते, खाली हबला येते आणि उत्तर त्याच वाटेने परत. म्हणून अर्धा सेकंद थांबावं लागतं. "अर्धाच?" एक पोरगी म्हणाली. तिला सात महिन्यांची सवय होती.

तबकडी लावण्यात सगळ्यात नाजूक काम शेवटी येतं. सिग्नल पकडला की आनंद होतो आणि नट आवळायला घेतलं की तबकडी केसभर हलते आणि सिग्नल उतरतो. म्हणून एका बाजूचा अर्धा फेरा, समोरच्या बाजूचा अर्धा फेरा, परत सिग्नलचा आकडा बघायचा. केंद्रचालक लॅपटॉपजवळ बसून मला आकडे सांगत होता. नऊ, साडेनऊ, दहा, नऊ, साडेदहा, अकरा. अकरावर थांबलो. पावणेतीनला मॉडेमचे दिवे स्थिर झाले.

पहिला व्यवहार एका आजीचा. निराधार योजनेचे पैसे खात्यात पडून होते. अंगठ्याचा ठसा घेऊन पैसे काढायचं यंत्र केंद्रात होतंच. आयुष्यभर कामाने झिजलेला अंगठा, ठसा तीनदा नाकारला. चौथ्यांदा केंद्रचालकाने तिचं मधलं बोट पुसून ठेवलं आणि चाललं. तिने नोटा मोजल्या नाहीत, पदरात बांधल्या आणि तिथेच बसून राहिली.

ई-केवायसीचं मात्र लगेच जमलं नाही आणि ते सांगताना माझा जीव खाली-वर झाला. साइट उघडली, अर्ज भरला, पण ओटीपी मोबाइलवर येणार आणि मोबाइलला रेंज नाही. तबकडीने इंटरनेट येतं, मोबाइलचा टॉवर येत नाही. ज्या फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालतं तिथे ओटीपी कधी कधी येतो. बटणांच्या साध्या फोनात कसा येणार? सात महिने ज्याची वाट बघितली ते आलं आणि तरी काम अर्धंच. शेवटी सरपंचताईंनीच वाट काढली. सगळ्या बायांचे आणि नवऱ्यांचे फोन घेऊन दोन पोरं टेकडीच्या उतारावर बसतील, ओटीपी आला की वॉकीटॉकीवर आकडे सांगतील. वनखात्याच्या एका वनरक्षकाने दोन सेट दिले. ओटीपीची मुदत संपायच्या आत, दोन-दोन नावं करत संध्याकाळपर्यंत नऊ बायांचं झालं. उरलेल्यांचं रोज थोडं थोडं करू असं ठरलं.

ताईंनी मला विचारलं, "पेपरात त्या नव्या तबकडीचं आलं होतं, ती कधी?" ५ नोव्हेंबरला राज्य सरकारने स्टारलिंकशी इरादापत्रावर सही केली, त्यात गडचिरोलीचं नाव आहे, ते त्यांनी वाचलं होतं. ते उपग्रह खूप खालून, साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, वेग चांगला मिळतो, हे मी सांगितलं. कधी, ते सांगितलं नाही. माझ्या हातात नसलेली तारीख मी त्या ओट्यावर बसून देणार नव्हतो. त्या वहीत तारखांची आधीच अकरा पानं होती. बिघडली तर गाडी घेऊन कोण येणार, हे त्यांनाही विचारा, एवढं मात्र म्हणालो.

निघायची वेळ झाली आणि माझंच अडलं. काम पूर्ण झाल्याची नोंद करायला ग्राहकाच्या मोबाइलवर चार आकडी क्रमांक येतो. तो टाकल्याशिवाय फील्डवरून तक्रार बंद होत नाही. केंद्रचालकाच्या फोनवर वायफायवरून तो येईना. तो काही न बोलता गाडीत बसला. आम्ही टेकडीकडे निघालो. उतारावर ती दोन पोरं मांडीवर वीस-बावीस फोन घेऊन, अंगाभोवती घोंगडी गुंडाळून बसली होती. अंधारात सगळे पडदे उजळत-विझत होते.

त्याच्या फोनवर क्रमांक आला. त्याने वाचून दाखवला, मी टाकला. या वेळी कारणाच्या रकान्यात "दुरुस्ती पूर्ण" होतं.

"आता खरंच बंद झाली?" त्याने विचारलं.

"तक्रार बंद झाली. मशीन चालू आहे."

त्याने वहीचं मागचं पान फाडून दिलं. नदीपलीकडच्या दोन पंचायतींची नावं, तिथल्या चालकांचे नंबर, त्यांच्या तक्रारींचे क्रमांक. दोन्ही निकाली. मी गाडीच्या दिव्यात तो कागद बॉनेटवर ठेवून दोन्ही तक्रारी परत उघडल्या आणि शेऱ्यात लिहिलं: "फोन लागणार नाही. फोन करू नये. गाडी पाठवावी."