किनाऱ्यावरचा पातळ लॅपटॉप

मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, कुठेही समुद्राजवळ राहत असाल तर पातळ लॅपटॉपला सगळ्यात जास्त त्रास खाऱ्या दमट हवेचा होतो. पोर्टच्या कडा गंजतात, फॅनच्या जाळीत धूळ ओली होऊन चिकटते, मग मशीन तापतं आणि प्रोसेसर आपणहून स्पीड कमी करतो आणि आपल्याला वाटतं रॅम कमी पडली, जी पातळ लॅपटॉपमध्ये बहुतेक वेळा बोर्डवरच सोल्डर केलेली असते, वाढवता येतच नाही. म्हणून आधी जाळी साफ करून घ्या.

झाकण मिटून बॅगेत टाकलेला लॅपटॉपसुद्धा तापू शकतो बरं का. विंडोजच्या मॉडर्न स्टँडबायमध्ये, म्हणजे नव्या प्रकारच्या स्लीपमध्ये, तो पूर्ण झोपत नाही, त्यामुळे एसटीने निघताना हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर साठवून बंद, नाहीतर सरळ शटडाऊन करा.

बॅटरी किती उतरली ते बघायला विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश, बॅटरीरिपोर्ट असं टाइप करा, त्या रिपोर्टमध्ये डिझाइन कपॅसिटी, म्हणजे बॅटरीची मूळ क्षमता, आणि आत्ताची फुल चार्ज कपॅसिटी दोन्ही दिसतात. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय असेल तर चालू ठेवाच. आणि टचपॅड वर उचलल्यासारखा दिसला तर चार्जर काढा, वापर बंद करा, बॅटरी फुगलेली असू शकते, ती दाबू नका, टोचू नका, थेट रिपेअरवाल्याकडे न्या.