हिप्परगा तलाव: पाणी हटलेली बाजू बघा

जानेवारीतला रविवार. भाच्याला घेऊन सहाला निघालो, ते आधी सोलापुरातल्या विजापूर रोडवरच्या कंबर तलावाकडे. हिप्परगा नेमका उलट्या दिशेला, पण त्याला पहाटेचं पाणी दाखवायचं होतं. जलपर्णीच्या कडेला मासे वर येऊन तोंडं उघडमीट करत होते. "मामा, खायला मागतायत?" नाही रे, जीव घुसमटतोय त्यांचा. सांडपाण्यावर शेवाळ माजतं. दिवसा ते प्राणवायू सोडतं, पण रात्रभर नुसतंच ओढत राहतं. त्यामुळे उजाडायच्या आधी पाण्यात तो सगळ्यात कमी असतो. ऊन वर आल्यावर गेलात तर हे दिसायचं नाही.

साडेसातला हिप्परग्यावर. कागदोपत्री हा एकरुख तलाव, आदिला नदीवर मातीचा बांध घालून १८७१ साली पुरा केलेला. बहुतेक जण बांधावर फोटो काढून परततात. तुम्ही पाणी ओसरलेल्या बाजूला जा. पाणी हटलं की आपल्या सोलापूरकरांच्या पोटात गोळा येतो, पण पाखरांचं ताट तिथंच वाढलेलं असतं. घोटाभर पाण्यात ऊन तळापर्यंत पोचतं. मग शेवाळ, गोगलगायी, चतुरांच्या अळ्या. या अळ्या डासांच्या अळ्या फस्त करतात, हे ऐकून भाचा पालथाच पडून पाणी निरखायला लागला. शेकाटे पक्षी लाल काटकुळ्या पायांवर चिखल टोचत होते. दोन चमचे पक्षी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालले होते, विळ्याने गवत कापावं तसे. खोल पाण्यात वारकरी पक्षी, काळे कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिळा. पंढरीच्या जिल्ह्यात हे नाव किती शोभतं!

जायचं तर डिसेंबर ते फेब्रुवारी. तुळजापूरकडची एसटी किंवा दुचाकी. कोजागिरीला जाऊ नका, तो रस्ता तुळजापूरला पायी जाणाऱ्यांचा असतो. सूर्य पाठीशी ठेवून बसा, पाखरांचे रंग नीट दिसतात. दुर्बीण, पाणी आणि कडक भाकरी-शेंगाचटणी सोबत घ्या. ओसरलेल्या जमिनीत गाळपेर केलेली असते. शेतकऱ्याला विचारूनच पुढे व्हा, हरभरा तुडवू नका. चिखल वरून वाळलेला दिसला तरी काठीने चाचपा. खालची काळी माती पाय सोडत नाही, भाच्याचा एक बूट तिथंच राहिला.

रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायचे असतील तर मात्र मार्चमध्ये उजनी धरणाचा फुगवटा गाठा.