स्टीव्हन्टनच्या रेक्टरची आठ मुले: एक वंशावळ मांडताना आलेला माझा अनुभव

आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघाली तेव्हा नावे जुळवण्याचे काम माझ्याकडे होते. माझ्या आजोबांचे एक भाऊ जन्मभर बोलू शकले नव्हते आणि त्यांचे नाव पहिल्या आवृत्तीत नव्हतेच, ही गोष्ट त्या वेळी मनाला लागून राहिली. पुढे नोकरीनिमित्त मी इंग्लंडमध्ये बेझिंगस्टोकला राहायला आले, आणि तिथून काही मैलांवर असलेल्या स्टीव्हन्टन या खेड्याचे रेक्टर, म्हणजे तिथल्या पॅरिशचे (एका चर्चच्या हद्दीचे) प्रमुख पाद्री, जॉर्ज ऑस्टिन यांची वंशावळ शक्य तितकी मूळ कागदांवरून आपण स्वतः मांडायची, असे ठरवले. प्रसिद्ध कादंबरीकार जेन ऑस्टिन ही त्यांचीच मुलगी, त्यामुळे छापील माहिती उदंड आहे; पण मला नोंदवह्यांच्या वाटेने वडिलांपर्यंत पोहोचायचे होते.

पाद्र्यांचा शोध क्रॉकफर्डच्या निर्देशिकेत घ्यावा असे सगळे सांगतात. पण ती 1858 पासून निघू लागली, म्हणून इथे तिचा उपयोग नव्हता. चर्च ऑफ इंग्लंडच्या 1540 ते 1835 या काळातील पाद्र्यांची एक खुली माहितीसूची आहे, तिथून सुरुवात झाली. 1754 साली डीकन (पाद्रीपदाची पहिली पायरी), 1755 साली प्रीस्ट (पूर्ण पाद्री) आणि 1761 साली स्टीव्हन्टनची नेमणूक, असा क्रम हाती आला. ही नेमणूक म्हणजे आपल्याकडच्या वतनासारखी गोष्ट होती, हे समजल्यावर पुढचे बरेच उलगडले. पॅरिशवर पाद्री नेमण्याचा हक्क जमीनदाराची मालमत्ता असे, आणि नेमलेल्या पाद्र्याला गावाच्या उत्पन्नाचा दशांश मिळे. स्टीव्हन्टनचा हक्क दूरचे नातलग थॉमस नाइट यांच्याकडे होता; शेजारच्या डीन गावची जागा पुढे चुलते फ्रान्सिस यांनी पुतण्यासाठी विकत घेतली, आणि 1773 मध्ये ती जॉर्ज यांना मिळाली. तरीही वाढत्या कुटुंबाला हे उत्पन्न पुरत नसे, म्हणून त्यांनी शेती केली आणि घरीच मुलगे शिकायला ठेवून घेतले.

या चुलत्यांचे ऋण फार जुने होते. जॉर्ज यांचा जन्म 1731 साली केंट परगण्यातील टनब्रिजचा. वडील विल्यम शल्यवैद्य होते, आणि 1737 मध्ये ते गेले तेव्हा मुले पोरकी झाली. याच चुलत्यांच्या आधाराने जॉर्ज यांना शाळा मिळाली, आणि पुढे ऑक्सफर्डचे सेंट जॉन्स कॉलेज. थोरली बहीण फिलाडेल्फिया मात्र 1752 मध्ये मद्रासच्या जहाजावर चढली आणि पुढच्याच वर्षी कडलूरला कंपनीच्या सर्जनशी, टायसो सॉल हॅनकॉक यांच्याशी, तिचा विवाह झाला. इंग्लंडमधल्या पॅरिशच्या वहीत या लग्नाचा मागमूस असणार नाही. तो धागा ब्रिटिश लायब्ररीतील इंडिया ऑफिसच्या दप्तराकडे जातो. एकाच घरातल्या भावाला विद्यापीठ आणि बहिणीला वराच्या शोधात समुद्रप्रवास, हे वाचून मी बराच वेळ थांबले.

विंचेस्टरच्या दप्तरखान्यात मात्र माझे दोन शनिवार वाया गेले. पहिल्या तीन मुलांच्या नोंदी मी स्टीव्हन्टनच्या वहीत शोधत होते, आणि 1768 पर्यंत हे कुटुंब डीनला राहत होते हे मी लक्षातच घेतले नव्हते. दुसरी अडचण तारखांची. जेन 16 डिसेंबर 1775 रोजी जन्मली, दुसऱ्याच दिवशी वडिलांनी घरी तिचा बाप्तिस्मा केला, आणि चर्चमधला विधी झाला तो 5 एप्रिल 1776 रोजी. चर्चमधल्या विधीची तारीख हाच जन्माचा सुमार धरणारा माणूस इथे साडेतीन महिन्यांनी चुकतो. विवाहांच्या वहीतील एक पान मी पुन्हा पुन्हा पाहिले. 1754 पासून लागू झालेल्या कायद्याने विवाहनोंदीसाठी छापील नमुने आले होते, आणि वहीच्या आरंभी ते कसे भरावेत हे दाखवणारे कोरे नमुने होते. त्यांत लहान मुलगी असताना जेनने स्वतःची काल्पनिक लग्ने लावून टाकली आहेत: एक लंडनच्या फिट्झविल्यमशी, एक लिव्हरपूलच्या मॉर्टिमरशी, आणि शेवटी साध्या जॅक स्मिथशी. पॅरिशच्या अधिकृत वहीवर मुलीला असे लिहू देणारा हा बाप, कागदांतून दिसलेला सगळ्यांत जवळचा जॉर्ज ऑस्टिन, मला इथे भेटला.

मुलांची यादी जुळवताना दुसऱ्या ओळीपाशी काम अडले. जेम्स 1765, जॉर्ज 1766, एडवर्ड 1767. पण 1870 साली घरातल्याच एका नातवाने लिहिलेल्या जेनच्या चरित्रात एडवर्डला तिचा दुसरा भाऊ म्हटले आहे. मधला जॉर्ज लहानपणापासून आजारी असे, त्याला झटके येत. 1770 मधल्या एका पत्रात वडिलांनी लिहिले आहे की हा मुलगा वाईट किंवा दुष्ट तरी होऊ शकणार नाही, एवढे समाधान आपल्याला आहे. पुढे त्याला मंक शर्बर्न या गावी कलम नावाच्या कुटुंबाकडे सांभाळायला ठेवले. त्याच्या आईचा तसाच एक भाऊही तिथेच राहत असे. रेक्टर 1801 मध्ये निवृत्त होऊन बाथला गेले आणि 21 जानेवारी 1805 रोजी वारले. वॉलकॉटच्या ज्या सेंट स्विदिन चर्चमध्ये 1764 साली त्यांचे लग्न झाले होते, तिथेच त्यांचे दफन झाले. हा मुलगा त्यांच्यानंतर तेहतीस वर्षे जगला.

त्या तेहतीस वर्षांमुळेच तो मला सापडला. सरकारी जन्ममृत्यूनोंद 1 जुलै 1837 पासून सुरू झाली, आणि जॉर्ज 17 जानेवारी 1838 रोजी वारला. मृत्यूच्या सूचीत तिमाही व जिल्हा पाहून मी दाखल्याच्या प्रतीसाठी अर्ज केला. टपालाने आलेल्या कागदावर व्यवसायाच्या रकान्यात ‘जंटलमन’ असे होते, आणि मृत्यूसमयी हजर असलेल्याचे नाव जॉर्ज कलम असे होते. पुढच्या रविवारी मी मंक शर्बर्नच्या ऑल सेंट्स चर्चला गेले. तिथे त्याच्या नावाचा दगड नाही. चर्चच्या बाकावर बसून मी तक्त्यातली दुसरी ओळ शाईने भरली, आणि एडवर्डच्या नावापुढचा दोनचा आकडा खोडून तीन केला.